प्लेगची झोपडी आणि मे महिन्याची शाळा

मार्च २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने एक परिपत्रक काढले. पहिली ते नववी आणि अकरावी या इयत्तांचे वर्ग एप्रिल संपेपर्यंत पूर्णवेळ चालवावेत, असा त्याचा आशय होता. एरवी मार्च लागला की आपल्याकडे शाळा सकाळच्या होतात, एप्रिलमध्ये परीक्षा आटोपतात आणि मुले मामाच्या गावाला जायला मोकळी होतात. करोनाने दोन वर्षे बुडवलेले शिक्षण भरून काढण्यासाठी हा रिवाज मोडावा, असे खात्याला वाटले. शिक्षक संघटनांनी विरोध केला, पालकांत दोन तट पडले, आणि मे महिन्यात शाळा नेहमीप्रमाणे बंद झाल्या. वाद तेथेच विरला. आमच्या मते तो असा विरायला नको होता. साथीनंतर शाळेने काय करावे हा प्रश्न त्या उन्हाळ्यात प्रथमच उभा राहिला नव्हता. त्याची काही उत्तरे आपल्याच इतिहासात पडून आहेत आणि त्यांच्याकडे कुणी फारसे पाहिले नाही.

आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवतो. शाळेचा प्रश्न आमच्याकडे काही वर्षे उशिराने येतो. पण आला तो कसा, हे सांगितले पाहिजे. २०२० च्या दिवाळीनंतर आमच्या अकरावीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी पडद्यावर दिसेनाशी झाली. प्रथम वाटले, घरातला एकमेव मोबाइल भावाकडे गेला असावा. पुढे कळले, तिचे लग्न झाले. पन्नास माणसांतच लग्न उरकण्याचा सरकारी नियम होता, खर्च वाचत होता, शाळा-कॉलेज बंदच होते. घरच्यांना मुहूर्त सोयीचा वाटला. तिचे नाव हजेरीपटावर वर्षअखेरपर्यंत राहिले. उन्हाळी वर्ग भरवावेत की नाहीत, या चर्चेत बुडालेल्या दिवसांचा हिशोब ऐकताना आम्हाला ते नाव आठवते.

आता थोडे मागे जाऊ. मार्च २०२० मध्ये राज्य शासनाने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ सालचा, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी केलेला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांतच साथ पुण्यात पोहोचली. तिच्या इतिहासात आपल्याला घरझडत्या आठवतात, रँडचा वध आठवतो. शिक्षणाच्या इतिहासालाही ही साथ चाटून गेली, हे मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा चालवणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर उघडलेल्या दवाखान्यात त्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी तेथे आणले आणि त्यातच त्यांना संसर्ग झाला, असे सांगितले जाते.

प्लेग हा उंदीर आणि पिसवांमार्फत पसरतो, ही गोष्ट तेव्हा सर्वमान्य झालेली नव्हती. पण घर सोडून शिवारात राहिले की माणसे वाचतात, हे लोकांनी अनुभवाने ताडले होते. म्हणून साथ आली की गाव ओस पडे आणि माळावर झोपड्यांची वस्ती उभी राही. या स्थलांतरातून एक संस्था जन्माला आली. धोंडो केशव कर्वे तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापन केली होती. पुढे पुण्यात साथीचा जोर असताना आश्रम चालवणे कठीण झाले, आणि १९०० साली तो शहरापासून काही मैलांवरच्या हिंगण्यास एका झोपडीत गेला. दिवसभर महाविद्यालयात शिकवून कर्वे पायी हिंगण्यास जात. त्या झोपडीतल्या मोजक्या मुलींपासून पुढे विद्यालय उभे राहिले आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ.

या हकिगतीचे आम्हाला भाबडे कौतुक करावयाचे नाही. मूठभर विद्यार्थिनींचा आश्रम हलवणे वेगळे आणि कोट्यवधी मुलांच्या शाळांचा निर्णय घेणे वेगळे. शिवाय करोना हा श्वासाचा रोग, त्याला शिवारातली झोपडी हे उत्तर नव्हे. तरीही एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. कर्व्यांपुढे प्रश्न 'शाळा उघडी की बंद' असा नव्हता. या मुली एकदा परत घरी गेल्या तर पुन्हा येणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी इमारत सोडली आणि मुली सोडल्या नाहीत.

असा विचार अन्यत्रही झाला आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क, शिकागो आणि न्यू हेवन यांनी केल्या नाहीत. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड आणि बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर यांचा युक्तिवाद साधा होता: शहरातील सुमारे दहा लाख शाळकरी मुलांपैकी बहुसंख्य मुले दाटीवाटीच्या चाळवजा घरांत राहतात, त्यांच्यासाठी मोकळा, हवेशीर वर्ग आणि रोज तपासणारी परिचारिका हीच अधिक सुरक्षित जागा आहे. पुढे १९३७ मध्ये पोलिओमुळे शिकागोच्या शाळांचे सत्र लांबले, तेव्हा तेथे रेडिओवरून धडे देण्यात आले आणि त्यांचे वेळापत्रक वर्तमानपत्रांत छापले गेले. ज्या घरी रेडिओ नव्हता किंवा तो नीट ऐकू येत नव्हता, तेथील मुले मागे पडली. आपल्या मोबाइलच्या गोष्टीचे हे जुने रूप वाचकांच्या ध्यानात येईलच.

आपल्याकडे काय घडले? 'शाळा बंद, शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली, अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला गेला, २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखला गेला. यांतील प्रत्येक गोष्टीमागे कुणाची तरी प्रामाणिक धडपड होती. पण पहिलीच्या वर्गाचे दार उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला, ते जानेवारीत पुन्हा लागले आणि २४ जानेवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्याने उघडू लागले. मधल्या काळात, २०२१ साली, दहावीची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला: ९९.९५ टक्के. कागदावर कुणीच मागे राहिले नव्हते. 'असर'च्या पाहणीने मात्र वेगळे चित्र दाखवले. ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. त्याच पाहणीत ६ ते १४ वयोगटातील पटनोंदणी ९७.२ वरून ९८.४ टक्क्यांवर गेलेली दिसते. नावे वाढली, वाचणारे घटले.

येथे एका भूकंपाचा दाखला देणे आवश्यक वाटते. ऑक्टोबर २००५ मध्ये पाकव्याप्त काश्मीर आणि उत्तर पाकिस्तानात भूकंप झाला आणि तेथील शाळा सरासरी १४ आठवडे बंद राहिल्या. ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनियल्स आणि जिष्णू दास या अभ्यासकांनी चार वर्षांनंतर तेथील मुलांची चाचणी घेतली. भूकंपरेषेजवळची मुले दूरच्या मुलांपेक्षा सुमारे दीड इयत्ता मागे होती. तीन-सव्वातीन महिन्यांच्या बंदीने एवढे नुकसान होत नाही. म्हणजेच ते शाळा उघडल्यानंतरही वाढत गेले असले पाहिजे. याचा संभाव्य अर्थ असा की, शिक्षकांनी इयत्तेचे पुस्तक पुढे चालू ठेवले आणि मागे राहिलेले मूल दर महिन्याला आणखी मागे गेले. या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या आईने निदान प्राथमिक शिक्षण घेतले होते, त्या मुलांत ही पिछाडी आढळली नाही. हिंगण्याच्या झोपडीचे मोल यावरून कळते. साथीच्या वर्षी शाळेतून गळालेली मुलगी ही त्या वर्षापुरती हानी नसते; पुढच्या आपत्तीत तिच्या मुलांना सावरणारे घरातले माणूसही आपण गमावलेले असते.

मग उन्हाळ्यात शाळा भरवावी काय? विरोध करणाऱ्यांचे म्हणणे आम्हाला पोकळ वाटत नाही. पत्र्याच्या छपराखाली एप्रिलच्या दुपारी बसणे म्हणजे काय, हे विदर्भ-मराठवाड्यातील शिक्षकाने सांगावे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात त्या उगीच नव्हे, आणि २०२२ चा एप्रिल तर विशेष तापला होता. अनेक गावांत त्या दिवसांत पिण्याच्या पाण्याची मारामार असते. शिक्षकांची सेवा दीर्घ सुटीची मानली जाते, म्हणून इतर कर्मचाऱ्यांएवढी अर्जित रजा त्यांना मिळत नाही. आणि टाळेबंदीत सर्वेक्षणापासून नाक्यावरील तपासणीपर्यंतची कामे त्यांच्यावरच टाकली गेली होती. सरसकट सगळ्यांना, भर दुपारी, तेच पुस्तक पुन्हा शिकवण्यासाठी बोलावणारी उन्हाळी शाळा आम्हालाही मान्य नाही. ती दिवस भरून काढील, शिक्षण नव्हे.

पण सुटी सर्वांना सारखी नसते, हेही विसरता येत नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि गळीत संपल्यावर, साधारण उन्हाळ्यात, परततात. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांची सोय सर्वांपर्यंत पोहोचली नाही. ज्या मुलांपर्यंत ती पोहोचत नाही, त्यांची शाळा साथ नसतानाही अर्धे वर्ष बंदच असते. आणि जेव्हा ती गावी येतात, नेमके तेव्हा गुरुजी सुटीवर जातात. २०२१-२२ च्या हंगामात ऊस इतका झाला की गळीत जूनपर्यंत लांबले. त्या मुलांची त्या वर्षी सुटीही कोप्यांतच गेली. एप्रिल अखेरपर्यंतच्या पूर्णवेळ शाळेचा त्यांना काय उपयोग होता? शाळेचे पंचांग ज्या मुलांच्या सोयीने बनले आहे, त्यांच्यात ही मुले कधी मोजलीच गेली नाहीत.

म्हणून आमचे उत्तर असे आहे. साथीनंतरच्या उन्हाळ्यात शाळा उघडावी, पण ती थोड्यांसाठी, सकाळी दोन-तीन तास आणि ऐच्छिक असावी. जे मूल वाचू शकत नाही त्याला वाचायला आणण्यासाठी, जे आलेच नाही त्याच्या घरी जाण्यासाठी. त्या कामाची रजा वा मोबदला शिक्षकाला मिळावा. आणि जूनमध्ये वर्ग पुस्तकाच्या पहिल्या पानापासून नव्हे, तर मूल जेथे आहे तेथून सुरू व्हावा. हे न केल्यास उन्हाळी वर्गाचे सारे कष्ट पावसाळ्यात वाहून जातील. असे वर्ग २०२२ मध्ये झाले असते, तर सगळी हानी भरून निघाली असती असा आमचा दावा नाही. पण पुढची साथ येईल तेव्हा निदान हा विचार झालेला असावा.

आमची ती विद्यार्थिनी परत आली नाही. तिच्या घरी आमच्यापैकी कुणी गेलेही नव्हते. तेव्हा आम्ही ऑनलाइन उपस्थितीचे तक्ते भरत होतो.