वायद्याची वही आणि कामाची वही

नोकरीला लागून वर्षभर झालं असेल, तर हे भांडण तुम्ही ऐकलं असणार. सेल्सवाल्याने क्लायंटला सांगितलंय, "१५ तारखेला मिळेल." ती १५ तारीख सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांची सगळी माहिती ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, रीतसर नोंदवलेली आहे. काम करणाऱ्या टीमच्या बोर्डावर मात्र तेच काम २८ तारखेला संपतंय. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांच्या वह्या वेगळ्या आहेत, एवढंच. मग मिटिंग होते, कुणीतरी एक एक्सेल शीट बनवतं, आणि आता वह्या तीन होतात.

ही दोन सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडून द्यायचा आज मोठा धंदा आहे. अंधेरी-मरोळच्या काचेच्या इमारतींमधून कितीतरी जण दिवसभर हेच करत असतात. पण वायदा एका वहीत आणि काम दुसऱ्या वहीत, ही अडचण संगणकाच्या आधीची आहे. तिची गोष्ट पाहायची तर त्या इमारतींपासून थोडं पश्चिमेला, जुहूला जावं लागेल.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीच्या ड्रिग रोडवरून जेआरडी टाटा एकट्याने एक छोटं पुस मॉथ विमान घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. विमानात टपालाच्या थैल्या होत्या. लंडनहून इम्पीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेलं टपाल पुढे न्यायचं, असा सरकारशी दहा वर्षांचा करार होता. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट तेच टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. हा व्हिन्सेंट म्हणजे ब्रिटिश हवाई दलातला माजी वैमानिक. ही सगळी कल्पनाच त्याची.

आता या कंपनीचा 'स्टाफ' बघा. दोन वैमानिक, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके मेकॅनिक, थोडे हमाल आणि चौकीदार. जुहूचं मैदान म्हणजे समुद्राकाठची सपाट चिखलवट. पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, म्हणून ते चार महिने सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं. ग्राहक मुख्यतः एकच, टपाल खातं. वायदाही एकच, वेळेवर पोचवू. आणि ज्याने करारासाठी धडपड केली, तोच माणूस विमान चालवत होता! अशा ठिकाणी दोन वह्यांची गरजच नसते. पहिल्या वर्षात या सेवेने सुमारे १,६०,००० मैल उड्डाण केलं, १५५ प्रवासी नेले, ६०,००० रुपये नफा कमावला आणि एकदाही उशीर केला नाही. सरकारी अहवालात या वक्तशीरपणाची खास तारीफ झाली. (आपल्याकडे या गोष्टीतली साहसकथा पुष्कळ सांगितली जाते. मला त्यातला छोटेपणा जास्त महत्त्वाचा वाटतो.)

कंपनी वाढली की हे सुख संपतं. १९४६ साली एअर-इंडिया झाली, १९४८ साली 'मलबार प्रिन्सेस' लंडनला गेलं, १९५३ साली सरकारीकरण झालं. जेआरडी अध्यक्ष राहिले, पण आता ग्राहक आणि काम यांच्यामध्ये हजारो माणसं होती. त्यांनी काढलेला उपाय जुन्या पद्धतीचा होता. स्वतः प्रवासी म्हणून बसायचं आणि दिसेल ते लिहून संबंधित खात्याला पाठवायचं. विमानातल्या चहाचा आणि कॉफीचा रंग सारखाच दिसतो, इथपर्यंत त्यांच्या तक्रारी जात. ग्राहकाची नोंद थेट काम करणाऱ्याच्या टेबलावर नेणारी ती जोडणीच होती. फक्त ती एका माणसाच्या अंगावर उभी होती. अध्यक्ष ज्या विमानात नाही, त्या विमानातल्या चहाचं काय?

नेमक्या याच काळात अमेरिकेतल्या विमान कंपन्या याच खड्ड्यात पडल्या होत्या. अमेरिकन एअरलाइन्सकडे १९४० च्या दशकापासून 'रिझर्व्हायझर' नावाचं यंत्र होतं. एजंटाने बटणं दाबली की त्या विमानात जागा आहे की नाही, हे दिव्यावरून कळायचं. पण यंत्राला फक्त जागा मोजता यायच्या. जागा कुणाला दिली, हे त्याला ठाऊक नव्हतं. प्रवाशाचं नाव, फोन नंबर हे सगळं वेगळ्या कार्डावर, वेगळ्या पेटीत. कार्ड हरवलं की जागा विकलेली, पण माणूस गायब. किंवा माणूस विमानतळावर हजर, आणि त्याची जागाच नाही.

१९५३ साली या कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे एक विक्रेते ब्लेअर स्मिथ एकाच विमानात शेजारी-शेजारी बसले. आडनाव सारखं म्हणून गप्पा सुरू झाल्या. त्यातून पुढे 'सेबर' नावाची संगणक यंत्रणा जन्माला आली आणि १९६४ सालापर्यंत तिने कंपनीचं सगळं आरक्षण हाती घेतलं. तिची खरी करामत वेगात नव्हती. प्रवाशाचं नाव आणि विमानातली जागा तिने एकाच नोंदीत बांधली. त्या नोंदीला नाव मिळालं पॅसेंजर नेम रेकॉर्ड. म्हणजे पीएनआर! गावी जाताना तुम्ही मोबाइलवर दर तासाला तपासता तोच.

दोन वह्या जोडायच्या तर आधी दोन्हीकडे एकच खूण लागते, आणि पीएनआर ही तशी खूण आहे. सीआरएममधली 'देशमुख ट्रेडर्स' आणि प्रोजेक्टच्या बोर्डावरची 'देशमुख-फेज २' ही एकच पार्टी आहे, हे यंत्राला आपोआप कळत नाही. दोन्हीकडे एकच क्रमांक हवा. जोडणीची निम्मी कामं इथेच फसतात, कारण क्रमांक ठरवण्याआधीच लोक सॉफ्टवेअर विकत घेतात.

मग इतकी सुरेख युक्ती हाताशी असताना ऑफिसांमधल्या वह्या पुन्हा वेगळ्या का झाल्या? कारण दोघींची घराणी वेगळी. कामाचं वेळापत्रक आखायचं शास्त्र कारखान्यात आणि आरमारात वाढलं. ड्यूपाँट या रसायन कंपनीने १९५७ च्या सुमारास आणि अमेरिकी आरमाराने १९५८ साली पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी ज्या पद्धती बसवल्या, त्यांत 'कुठलं काम कशावर अडलंय' हा प्रश्न मध्यभागी होता. ग्राहक त्यात जवळपास नव्हताच. सीआरएम मात्र विक्रेत्याच्या खिशातल्या पत्त्यांच्या डायरीतून आलं. १९९३ साली सीबेल, १९९९ साली सेल्सफोर्स. तिथे प्रश्न एवढाच, की सौदा कुठवर आलाय. सौदा झाला की त्या वहीच्या लेखी गोष्ट संपते. दुसऱ्या वहीच्या लेखी ती तेव्हा सुरू होते.

या दोन वह्यांच्या भेटीचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याकडे रेल्वेने घडवलं. जुनी पद्धत घरातल्या मोठ्यांना विचारा. ठरावीक गाडीचं रजिस्टर ठरावीक खिडकीवर, आणि परतीचं तिकीट हवं तर त्या गावाला तार करायची. १९८५ साली दिल्लीत सीएमसी या सरकारी कंपनीच्या मदतीने संगणकीय आरक्षणाचा पहिला प्रयोग सुरू झाला. कुठल्याही खिडकीवर कुठलीही गाडी. मग मुंबई आणि इतर शहरं आली, आणि १९९९ साली पाचही प्रादेशिक केंद्रं एकमेकांना जोडली गेली. ऑनलाइन तिकीट आलं २००२ साली.

रेल्वेला आपण रोज शिव्या घालतो, पण एक गोष्ट तिने बहुतेक आयटी कंपन्यांपेक्षा प्रामाणिकपणे केली. तिने कामाची वही ग्राहकाला उघडून दाखवली. वेटिंग ४२ म्हणजे ४२. तुमच्या पुढे किती जण आहेत, कालपासून किती सरकलात, आरएसीत आलात का, हे सगळं तुम्हाला दिसतं. राग येतो, पण फसवणूक वाटत नाही.

ऑफिसात जोडणी होते ती बहुधा एकाच दिशेने. सौदा पक्का झाला की आपोआप प्रोजेक्ट तयार होतो, सेल्सने टाकलेली तारीख थेट बोर्डावर जाऊन बसते, आणि रात्री अकरा वाजता कुणाच्या तरी फोनवर लाल रंगाची सूचना येते. त्या माणसाला ती तारीख कुणी विचारलेली नसते. उलट दिशेने, म्हणजे "आमच्याकडे आठ कामं रांगेत आहेत, नववं मेमध्ये" हे सेल्सच्या स्क्रीनवर, वायदा करायच्या आधी, क्वचितच पोचतं. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही दिशा सारख्याच सोप्या आहेत. तारखेच्या रकान्यात लिहायचा अधिकार कुणाचा, हे ठरवणं अवघड, आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर ठरवून देत नाही. त्यामुळे जोडणीच्या मिटिंगला पहिल्या दिवशी इंजिनियर नसला तरी चालेल, पण ज्याला शेवटी काम करायचंय तो असावा, असं माझं मत आहे.

अर्थात रेल्वेची जोडणीही बरीच वर्षं अर्धीच होती. गाडी सुटण्याआधी चार्ट निघायचा, आणि त्या क्षणी संगणकाची वही कागद होऊन टीसीच्या हातात जायची. कल्याणला कुणी चढलंच नाही, तर रिकामा बर्थ फक्त त्या कागदावर आणि टीसीच्या डोक्यात. पुढे नाशिकला वेटिंगवाला तिकीट हातात धरून उभा, आणि त्याच्यासाठी असलेली जागा डब्यात रिकामी चाललेली. आता बऱ्याच गाड्यांमध्ये टीसीकडे हातात धरायचं छोटं यंत्र असतं. प्रवासी आला नाही, अशी खूण त्याने केली की तो बर्थ मूळ यंत्रणेकडे परत जातो आणि आरएसीतल्या किंवा पुढच्या स्टेशनावरच्या कुणाला तरी मिळू शकतो.