तार, टाकी आणि बॅटरी : विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीची जागा घेईल का?

मुंबई–हावडा लोहमार्गावर भिलाई शहरात एक स्थानक आहे. त्याचे नाव भिलाई पॉवर हाऊस. या स्थानकातून विजेच्या इंजिनांनी ओढलेल्या गाड्या दिवसरात्र ये-जा करतात. देशभरातील रेल्वेरुळांचा फार मोठा भाग याच शहरातील पोलाद कारखान्यात तयार होतो. या इंजिनांची देखभाल करणारी मोठी शेडही भिलाईतच आहे. स्थानकाबाहेर पाऊल टाकले की मात्र दृश्य बदलते. पेट्रोलवरच्या दुचाक्या, डिझेलवरचे ट्रक आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या ई-रिक्षा एकाच रस्त्यावर दिसतात. रुळांवर विजेचा विजय जवळजवळ पूर्ण झाला आहे. रस्त्यावर तो अजून सुरूही झाला की नाही, यावर वाद चालतो.

वीज एकच, मोटरचे तत्त्वही एकच. मग स्थानकाच्या भिंतीच्या आत जे साध्य झाले, ते भिंतीबाहेर का झाले नाही? विजेच्या मोटारी पेट्रोलच्या मोटारींची जागा घेतील का, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे याच भेदात दडलेले आहे. ते शोधण्यासाठी याच लोहमार्गाच्या पश्चिम टोकाला, मुंबईला जावे लागते. कारण विजेच्या वाहनाने एकाच शहरात एक लढाई जिंकली आणि दुसरी हरली, याची नोंद तेथे सापडते.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढलेली ट्राम सुरू झाली. तेहतीस वर्षांनी, ७ मे १९०७ रोजी, त्याच शहरात विजेची ट्राम धावू लागली. घोड्याला चारा लागे, विश्रांती लागे, पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर त्याचे हाल होत. विजेच्या ट्रामला यांपैकी काहीच लागत नव्हते. डोक्यावरच्या तारेतून वीज घ्यायची आणि रुळावरून धावायचे, एवढेच तिचे काम. घोड्यांचे युग पाहता पाहता संपले.

त्या काळात जगभर मोटारीचे भवितव्य अनिश्चित होते. पेट्रोल जिंकणार असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. १८९९ साली बेल्जियमच्या कामिय जेनाझी याने विजेच्या मोटारीत बसून ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली. रस्त्यावरच्या कोणत्याही वाहनाने असा वेग प्रथमच गाठला होता. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांत १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. म्हणजे आज ज्या मोटारीला आपण 'नवी' म्हणतो, ती सव्वाशे वर्षांपूर्वी आघाडीवर होती.

मग पेट्रोल पुढे कसे गेले? १९०८ साली हेन्री फोर्डची मॉडेल टी आली आणि १९१३ पासून सरकत्या जुळणी-पट्ट्यावरच्या उत्पादनामुळे तिची किंमत घसरत गेली. १९१२ साली चार्ल्स केटरिंगचा विद्युत स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला आणि हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याची कष्टप्रद, प्रसंगी मनगट मोडणारी रीत मागे पडू लागली. यातील विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. पेट्रोलच्या मोटारीची सर्वांत मोठी अडचण एका छोट्या विद्युत मोटरनेच दूर केली.

मूळ कारण मात्र भौतिकशास्त्रातले होते. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ ते १३ युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, उष्णता-ऊर्जा असते. इंजिन त्यातली तीन-चतुर्थांश वाया घालवते, असे धरले तरी चाकांपर्यंत सुमारे तीन युनिट पोहोचतात. त्या काळच्या एक किलो शिसे-आम्ल बॅटरीत जेमतेम ०.०३ ते ०.०४ युनिट ऊर्जा मावत असे. विद्युत मोटर कितीही कार्यक्षम असली तरी वजनाच्या हिशेबात टाकी बॅटरीपेक्षा सुमारे शंभरपट सरस ठरत होती. बॅटरीची मोटार शहरात शोभून दिसे. गाव ओलांडायचे म्हटले की तिचा दम तुटे.

या गणितातून सुटण्याचा एक मार्ग होता : ऊर्जा बरोबर वाहून न्यायचीच नाही, ती वाटेत तारेतून घ्यायची. रेल्वेने नेमके हेच केले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर १,५०० व्होल्ट एकदिश विद्युत प्रवाहावर भारतातील पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. १९२९ साली विद्युतीकरण बोरघाट चढून पुण्यापर्यंत पोहोचले आणि १ जून १९३० रोजी विजेवर धावणारी डेक्कन क्वीन सुरू झाली. बोरघाटात ३७ फूट अंतराला एक फूट अशी खडी चढण होती. तिथे वाफेचे इंजिन अक्षरशः धापा टाकत असे. या चढणीसाठी आणलेल्या, पुढे-मागे लांब नाके असलेल्या विद्युत इंजिनांना रेल्वे कर्मचारी 'खेकडा' म्हणत. खेकडा घाट सहज चढला.

या यशामागे इंजिनाइतकीच आणखी एक गोष्ट उभी होती. खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून चालू होते. त्याच सह्याद्रीत पुढे भिवपुरी आणि भिरा येथेही केंद्रे झाली. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा येथे स्वतःचे कोळशावरचे वीजकेंद्रही उभारले. आधी वीज, मग तार, मग इंजिन असा तो क्रम होता. हा क्रम विसरला की वाहनांचा इतिहास नुसत्या शोधांची यादी होऊन बसतो.

आता दुसरी लढाई. जी तार रेल्वेला तारून गेली, तीच तार रस्त्यावर ट्रामला जड झाली. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत मोटारबस सुरू झाली. बसला रूळ नको होते, तार नको होती. वस्ती जिकडे वाढेल तिकडे ती वळू शकत होती. मुंबई उत्तरेकडे पसरत गेली, रस्ते मोटारींनी भरले आणि रस्त्याच्या मधोमध रुळांना बांधलेली ट्राम अडथळा वाटू लागली. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. मधल्या काळात एक तडजोडही करून पाहण्यात आली. जून १९६२ मध्ये गवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर ट्रॉलीबस आली. तिला रूळ लागत नव्हते. पण तार लागतच होती. मार्च १९७१ मध्ये तीही बंद पडली. म्हणजे ज्या शहराने देशाला विजेची रेल्वे दाखवली, त्याच शहराने रस्त्यावरची वीज पूर्णपणे सोडून डिझेल स्वीकारले.

दोन्ही लढाया शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर एक नियम दिसतो. जिथे मार्ग ठरलेला आणि वाहतूक दाट, तिथे तारेचा खर्च निघतो आणि वीज जिंकते. जिथे मार्ग मोकळा आणि प्रवास विखुरलेला, तिथे ऊर्जा सोबत न्यावी लागते आणि टाकी जिंकते. वाहनांची स्पर्धा दिसते यंत्रांमध्ये. तिचा निकाल लागतो तो यंत्रांमागच्या व्यवस्थेत.

विजयालाही किती वेळ लागतो, हे रेल्वेच्याच इतिहासातून शिकावे. १९२५ ला सुरुवात झाली. स्वातंत्र्याच्या वेळी देशात अवघा ३८८ किलोमीटर मार्ग विद्युतीकृत होता. चित्तरंजन येथे तयार झालेले पहिले विद्युत इंजिन १९६१ साली रुळावर आले. त्याचे नाव 'लोकमान्य'. तरीही तिथेच वाफेची इंजिने १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तयार होत राहिली. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी १९९५ मध्ये थांबली. पहिल्या विजेच्या गाडीपासून ही सत्तर वर्षे होतात. मधल्या काळात डिझेलनेही आपले मोठे राज्य उभे केले. आज ब्रॉडगेज जाळ्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग विद्युतीकृत आहे. पण त्यातला बहुतांश गेल्या दहा-बारा वर्षांत झाला.

आणखी एक धडा आहे. १९५७ साली भारताने २५ हजार व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाची पद्धत स्वीकारली. मुंबईची उपनगरी गाडी मात्र जुन्या १,५०० व्होल्टवरच अडकून पडली. मध्य रेल्वेवर हा बदल पूर्ण व्हायला २०१६ उजाडले. आरंभी निवडलेले मानक पुढच्या तीन पिढ्यांना वागवावे लागते. आज चार्जिंगचे प्लग, बॅटरीचे आकार आणि अदलाबदलीच्या पद्धती ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

मग आज नवे काय घडले आहे? बॅटरीचे गणित बदलले आहे. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. तिच्या पायाभूत संशोधनाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज मोटारीतल्या पूर्ण बॅटरी-संचात किलोमागे सुमारे ०.१५ युनिट ऊर्जा मावते. पेट्रोलची शंभरपट आघाडी त्यामुळे वीस-पंचवीसपटीवर आली आहे. पेट्रोल अजूनही पुढेच आहे. पण शहरातल्या रोजच्या तीस-चाळीस किलोमीटरच्या प्रवासासाठी ही आघाडी आता निर्णायक उरलेली नाही. ट्रामला जी तार सोडता येत नव्हती, ती बॅटरीने गुंडाळून गाडीच्या पोटात ठेवली आहे. ट्राम बंद करणाऱ्या त्याच 'बेस्ट'ने ऑगस्ट २०२२ मध्ये विजेवर धावणारी वातानुकूलित दुमजली बस मुंबईकरांसमोर आणली, ती याच बळावर.

बदल कुठून शिरतो आहे, तेही पाहावे. भारतात २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या. नव्या मोटारींत हा वाटा सुमारे दोन टक्केच होता. नॉर्वेत त्याच वर्षी दहापैकी जवळपास नऊ नव्या मोटारी विजेच्या होत्या. भिलाईच्या ई-रिक्षाचा मार्ग ठरलेला असतो, फेऱ्या दाट असतात आणि रात्री ती एका जागी उभी राहते. रेल्वेला लागू पडलेला नियम तिला तंतोतंत लागू पडतो. उलट, लांब पल्ल्याचा ट्रक या रांगेत बराच मागे आहे.

आता भिलाईसाठी सर्वांत कठीण प्रश्न. ई-रिक्षाला धूर नाही. पण तिच्या विजेला आहे. देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशातून येते आणि छत्तीसगडात तर कोरबाची मोठी औष्णिक केंद्रे आहेत. हिशेब करून पाहू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला १७ किलोमीटर जाणारी मोटार दर किलोमीटरला सुमारे १३५ ग्रॅम सोडते. विजेची छोटी मोटार किलोमीटरला सुमारे ०.१५ युनिट वापरते. आपल्या वीजजाळ्यात एका युनिटमागे सुमारे ७३० ग्रॅम उत्सर्जन होते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ११० ग्रॅम. पेट्रोलचे शुद्धीकरण, विजेची वहनातली गळती आणि बॅटरी बनवण्याचा खर्च यांत धरलेला नाही. तरी एवढे उघड आहे की आजचा फायदा थोडा आहे. शहराच्या गल्लीतला धूर नक्की जातो. आकाशातला तितकासा जात नाही.

पण या दोन आकड्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. पेट्रोलच्या मोटारीचा १३५ हा आकडा ती भंगारात जाईपर्यंत फारसा हलणार नाही. विजेच्या मोटारीचा ११० हा आकडा, गाडीला हातही न लावता, वीजजाळे जसजसे स्वच्छ होईल तसतसा खाली येईल. भिलाईच्या शेजारीच, राजनांदगाव जिल्ह्यात, सौरऊर्जेच्या प्रकल्पाला १२० मेगावॉट-तास क्षमतेचा बॅटरी-साठा जोडलेला आहे. दिवसाचे ऊन संध्याकाळच्या मागणीसाठी साठवून ठेवण्याची ही सोय आहे. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राशी तिची तुलना आज धाडसाची वाटेल. पण बोरघाटातला खेकडा चढला, त्याच्या कितीतरी वर्षे आधी खोपोलीचे पाणी जनित्रांवर पडू लागले होते, हे विसरून चालणार नाही.

म्हणून इतिहासाच्या आधारे उत्तर द्यायचे तर असे देता येईल. विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीची जागा घेईल. पण सगळीकडे एकदम नाही. आधी तीनचाकी, दुचाकी आणि शहरी बस; मग मोटार; सर्वांत शेवटी लांब पल्ल्याचा ट्रक. वेग ठरवील तो गाड्यांचा कारखाना नव्हे, वीजकेंद्र. आणि जुने यंत्र लगेच नाहीसे होणार नाही. वाफेच्या इंजिनासारखे तेही आपल्या शेवटच्या प्रवाशापर्यंत धावत राहील.

विद्यार्थ्यांना एक काम सुचवावेसे वाटते. आपल्या गावातील ई-रिक्षाच्या चालकाला विचारा की तो दिवसाला किती किलोमीटर चालवतो, चार्जिंगला किती युनिट लागतात आणि ते कुठे करतो. मग ती वीज कोणत्या केंद्रातून येते याचा शोध घ्या. पेट्रोल जाणार की राहणार, याचे तुमच्या गावापुरते उत्तर त्या वहीत सापडेल.