मुंबईतील बिऱ्हाड

भाड्याच्या घराला मराठीत बिऱ्हाड म्हणतात आणि विंचवाप्रमाणे पाठीवर वाहून नेता येईल अशा संसारालाही बिऱ्हाडच म्हणतात. मुंबईत पोट भरावयास आलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन अर्थांत फारसे अंतर कधीच नव्हते. या नगरीत काम मिळे, पण पाठ टेकावयास जागा मिळणे दुरापास्त असे. ती जागा कोणाला आणि कशाच्या बळावर मिळत गेली, हा शहराच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग होय.

कापडगिरण्यांच्या भरभराटीच्या काळात जागा मिळे ती ओळखीवर. रत्नागिरीचा वा साताऱ्याचा तरुण आधी आपल्या गावकऱ्यांची खोली शोधीत येई. एका खोलीत दहा-पंधरा पुरुष राहत. भिंतीशी ट्रंका रचलेल्या असत. रात्रपाळीचा कामगार उठून गेला की दिवसपाळीचा त्याच जागी वळकटी पसरी. जेवणाची सोय जवळच्या खाणावळीत होई. गोव्याहून आलेले खलाशी, आचारी आणि वादक यांच्यासाठी धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावचे ‘कूड’ होते. परंतु ओळखीचे हे दार एकाला उघडे तेव्हा दुसऱ्याला बंद असे. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले होते, त्यांना खाजगी चाळींतून खोली मिळणे फार कठीण होते. आपल्या माणसाला आसरा देणारी रीत परक्याला उंबऱ्याबाहेर ठेवीत होती.

१८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि या दाटीचे भयंकर स्वरूप सर्वांच्या ध्यानी आले. लोक भयाने शहर सोडू लागले. १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना केली. ट्रस्टने नागपाड्यासारख्या गलिच्छ वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले आणि पुढे दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आखली. शहरात हवा आणि उजेड आला खरा. परंतु आरंभीच्या काळात जितक्या लोकांची घरे गेली, तितक्यांना नवी मिळाली नाहीत. ज्याची खोली पाडली गेली, तो शेजारच्या चाळीत जाऊन तेथील दाटी वाढवू लागला. १९०१ साली शहराची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. १९२१ साली ती पावणेबारा लाखांच्या घरात गेली.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली भाडे-नियंत्रणाचा पहिला कायदा झाला. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या आणि त्यांत सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. भाडे परवडेना आणि वरळी दूर पडे, म्हणून त्यांतील कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा उपयोग चक्क तात्पुरता तुरुंग म्हणून करण्यात आला. तरीही या सरकारी चाळींचे एक श्रेय नाकारता येणार नाही. खाजगी मालकाच्या दारी ज्यांची ओळख चालत नव्हती, अशा अनेकांना येथे छप्पर मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बिऱ्हाडही परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बरीच वर्षे होते.

दुसऱ्या महायुद्धाने आणि फाळणीने शहराची लोकसंख्या आणखी फुगली. १९४१ साली पुढील बृहन्मुंबईच्या हद्दीत अठरा लाख लोक राहत होते. १९५१ साली ते तीस लाखांच्या जवळ पोहोचले. अशा वेळी १९४७ चा भाडे-नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, ते सामान्यतः प्रमाण मानण्यात आले आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येईनासे झाले. लाखो कुटुंबे या कायद्याच्या आधारावर निर्धास्त झोपली, हे विसरून चालणार नाही. परंतु जो घरात होता त्याला कायद्याने संरक्षण दिले. जो घराच्या शोधात होता त्याला काही दिले नाही. खोली रिकामी होईनाशी झाली, झाली तर पगडी घेतल्यावाचून हाती येईनाशी झाली. कायद्याने पगडी हा गुन्हा ठरविला होता, तरी व्यवहारात तीच खोलीची खरी किंमत होती. भाड्याची मिळकत दुरुस्तीलाही पुरेना. जुन्या चाळींचे वासे आणि जिने कुजत गेले.

मालकांनी मग भाड्याऐवजी परवान्यावर जागा देण्याची वाट शोधली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला, तेव्हा तीही वाट आकसली. घर बंद ठेवलेले बरे, पण परक्याच्या हाती द्यावयाचे नको, असे कित्येक मालकांना वाटू लागले. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्याने पगडीला मान्यता दिली आणि मुदत संपल्यावर परवान्याची जागा मालकाला परत मिळण्याची सोय केली. तेव्हापासून अकरा महिन्यांचा करार हाच नव्या बिऱ्हाडकरूचा आधार झाला. त्याला घर मिळते, पण भिंतीला खिळा ठोकण्यापूर्वीच पुढच्या घराची चिंता सुरू होते.

ओळख, पगडी आणि करार अशी तीन स्थित्यंतरे या शोधाने पाहिली. प्रत्येक उपायाने कोणाचे तरी दुःख हलके केले. मात्र आत असलेल्याची बाजू मांडणारे नेहमीच भेटले. नुकत्याच आगगाडीतून उतरलेल्या, हाती वळकटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाची बाजू मांडणारा क्वचितच कोणी होता. कायदे करताना त्यालाही मोजले पाहिजे, हा या सव्वाशे वर्षांच्या अनुभवाचा बोध होय.