पूर्णेचे नावाडी आणि त्यांची पेटी

वऱ्हाडच्या इतिहासाची पुस्तके उघडली की त्यांत तह सापडतात, लढाया सापडतात, कापसाचे भावही सापडतात. परंतु भर पावसाळ्यात माणसांना पूर्णेपार नेणाऱ्या भोई-कोळ्यांची नोंद एखाद-दुसऱ्या ओळीपलीकडे जात नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. त्यामुळे इतिहास वाचताना आमची नजर आधी एकाच गोष्टीकडे जाते : या माणसाला मोबदला कोण देत होते, आणि काम नसे तेव्हा तो काय खात होता?

आपल्या जिल्ह्यात जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके पूर्णेच्या उत्तरेस, नांदुरा व शेगाव दक्षिणेस. उन्हाळ्यात जिच्या पात्रातून बैलगाडी जाते, तीच नदी आषाढात दोन्ही काठ तोडते. काठ मातीचे आणि घसरडे. एका पुरात जुना उतार गाळाने बुजावा व दुसरीकडे नवा व्हावा. म्हणून नावाड्याची खरी विद्या वल्हे मारण्यात नव्हती. पाण्याचा रंग पाहून, काठीने तळ चाचपून, पाय कोठे ठरेल हे परक्या वाटसरूला सांगणे आणि प्रसंगी ‘आज नाही’ म्हणून त्याला काठावर बसवून ठेवणे, हे त्याचे काम.

गावगाड्यात या कामाचा मोबदला बलुत्याच्या रीतीने, सुगीच्या धान्यात मिळे. तो खेपा मोजून नव्हे, तर माणूस काठावर हजर असतो म्हणून. बलुत्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. त्यात जात जखडलेली होती आणि हक्काच्या धान्यासाठीही खळ्यावर हात पसरावा लागे. पण रिकाम्या महिन्यांचा भार गाव उचलत असे, एवढे मान्य केले पाहिजे.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. १८६७ पर्यंत रेल्वे नागपुरास पोचली, १८७० साली खामगावची शाखा सुरू झाली. तरीचे कायदेही याच काळातले : मुंबई इलाख्यात १८६८ चा, शेजारच्या मध्य प्रांतात १८७८ चा. या दुसऱ्या कायद्याने सरकारी तरीचे उत्पन्न लिलावाने पाच वर्षांपर्यंत ठेक्याला देता येई, आणि त्या तरीपासून दोन मैलांच्या आत परवानगीवाचून दुसरी तर चालविण्यास बंदी होती. नदी तीच, नाव तीच. पण मधे ठेकेदार आला आणि ज्याला नदी ठाऊक तो त्याचा मजूर झाला. पाणी ओसरले की मजुरी बंद.

लंडनच्या थेम्स नदीवर नावाड्यांचे मंडळ १५५५ च्या कायद्याने स्थापन झाले. त्यांच्या रविवारच्या तरीचे उत्पन्न म्हाताऱ्या व अपंग नावाड्यांसाठी जाई. १७६९ साली ब्लॅकफ्रायर्सचा पूल झाला आणि हे उत्पन्न बुडाले, तेव्हा मंडळाला भरपाई मिळाली. मागायला मंडळ होते, दाखवायला हिशेब होता! आज पूर्णेवर येरळी व खिरोडा येथे पूल आहेत. ते हवेच होते. पण बलुते ही रीत होती, दस्तऐवज नव्हे. ती मोडल्याची भरपाई कोणी कोणाकडे मागावी?

अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाशांना नेणाऱ्या वाटाड्यांनी १९८८ साली आपली संस्था काढली. कंपन्यांची नव्हे, वाटाड्यांची. सभासदांच्या वर्गणीवर व देणग्यांवर चालणारी. आमच्या मते यातली वर्गणी महत्त्वाची. देणगी एका माणसाच्या मर्जीने येते व मर्जीने थांबते. आपल्याकडे कामगार संघांच्या कायद्यात १९६० साली दरमहा किमान २५ नवे पैसे वर्गणीची अट घातली गेली, तेव्हा पुष्कळांनी कपाळाला आठ्या घातल्या. पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडलेल्यांना मात्र तिचे मोल कळते. पावती फाडताना सभासद चार प्रश्न विचारतो.

१९६० च्याच सहकारी संस्था अधिनियमाने निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकण्यास सांगितले. भोई बांधवांच्या मच्छीमार संस्था या अधिनियमाखाली तलावांचे ठेके घेतात. हा निधी धंद्यासाठी आहे. पुरात माणसे काढण्यासाठी नाही. २०२३ च्या जुलैत जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत पूर आला. पुन्हा तसे पाणी येण्यापूर्वी दोन्ही काठच्या ग्रामपंचायतींनी नदी जाणणाऱ्यांच्या नावे दरसाल ठरावीक रक्कम बाजूला काढावी, तिची पेटी त्यांच्याच मंडळाकडे असावी आणि वर्षाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा, अशी आमची सूचना आहे.