हार्लेमची 'रेनेसाँ': पस्तीस वर्षे रिकामी राहिलेली वास्तू

न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागातील हार्लेम ही वस्ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची सांस्कृतिक राजधानी मानली जात असे. तेथील १३८ व्या रस्त्यावर, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर, दोन वास्तू साधारण एकाच काळात उभ्या राहिल्या. एक ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्च आणि दुसरी 'रेनेसाँ बॉलरूम अँड कॅसिनो'. चर्च आजही दिमाखात उभे आहे. 'रेनेसाँ' मात्र सुमारे पस्तीस वर्षे रिकामी राहून अखेर जमीनदोस्त झाली. यातील शेवटची तेवीस वर्षे तिची मालकी याच चर्चच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या विकास संस्थेकडे होती. धर्मसंस्थांच्या ताब्यातील रिकाम्या इमारतींचा प्रश्न किती गुंतागुंतीचा असतो, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

वैभवाचा काळ

'रेनेसाँ' संकुल १९२० च्या दशकाच्या आरंभी बांधले गेले. त्यात चित्रपटगृह, नृत्यगृह आणि दुकाने होती. नावातील 'कॅसिनो' म्हणजे जुगाराचा अड्डा नव्हे. त्या काळी करमणुकीच्या सभागृहासाठीही हा शब्द वापरला जाई. संकुलाचे वेगळेपण त्याच्या मालकीत होते. कॅरिबियन बेटांतून आलेले विल्यम रोच आणि त्यांचे कृष्णवर्णीय भागीदार हे त्याचे मालक होते. हार्लेममधील अनेक नामांकित करमणूकगृहे गोऱ्या मालकांच्या हाती होती आणि काहींत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना प्रवेशही मिळत नसे. त्या पार्श्वभूमीवर ही वास्तू वस्तीच्या स्वाभिमानाचे प्रतीक ठरली.

१९२३ मध्ये बॉब डग्लस यांनी स्थापन केलेल्या बास्केटबॉल संघाने या सभागृहाचेच नाव घेतले. 'रेन्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघाचे सामने नृत्यगृहाच्या लाकडी जमिनीवर होत आणि त्यांना जोडूनच वाद्यवृंदाच्या साथीने नृत्य रंगे. १९३९ मध्ये शिकागो येथे झालेली पहिली जागतिक व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा या संघाने जिंकली. १९६३ मध्ये संपूर्ण संघाला बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले. हार्लेममधील असंख्य विवाह, मेजवान्या आणि सभा याच सभागृहात पार पडल्या.

ऱ्हास आणि नवी मालकी

१९७० च्या दशकात न्यूयॉर्क आर्थिक डबघाईला आले. हार्लेममधील घरमालकांनी कर थकवून इमारती सोडून दिल्या, लोकवस्ती घटली. १९७९ मध्ये 'रेनेसाँ'ला कुलूप लागले.

१९८९ मध्ये रेव्हरंड कॅल्व्हिन बट्स चर्चचे प्रमुख धर्मोपदेशक झाले. त्याच वर्षी चर्चच्या पुढाकाराने 'ॲबिसिनियन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन' ही ना-नफा संस्था अस्तित्वात आली. १९९१ मध्ये 'रेनेसाँ' या संस्थेच्या ताब्यात आली. संस्थेचे इतर कार्य नगण्य नव्हते. परवडणारी घरे, १२५ व्या रस्त्यावरील मोठे किराणा बाजारगृह, थर्गुड मार्शल ॲकॅडमी ही शाळा अशा अनेक कामांत तिचा सहभाग होता. त्यामुळे 'रेनेसाँ'च्या अवस्थेचे खापर केवळ अनास्थेवर फोडता येत नाही.

संरक्षणाचा पेच

न्यूयॉर्कमध्ये १९६५ पासून वारसा वास्तूंच्या जतनाचा कायदा आहे. यादीत नोंद झालेल्या वास्तूत आयोगाच्या परवानगीविना बदल करता येत नाही आणि ती सुस्थितीत राखण्याचे बंधन मालकावर येते. धर्मसंस्थाही यातून सुटत नाहीत. पार्क ॲव्हेन्यूवरील सेंट बार्थोलोम्यू चर्चला आपले समाजगृह पाडून तेथे उंच मनोरा बांधायचा होता. त्या खटल्यात १९९० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला.

ॲबिसिनियन चर्चची स्वतःची इमारत १९९३ मध्ये या यादीत आली. 'रेनेसाँ'च्या नोंदीला मात्र मालक संस्थेने विरोध केला. जुन्या सभागृहाचे पुनरुज्जीवन आणि चित्रपटगृहाच्या जागी निवासी इमारत, अशी तिची योजना होती. नोंद झाल्यास ही योजना अडेल, असे तिचे म्हणणे होते. २००७ च्या सुमारास नोंदीचा प्रस्ताव बाजूला पडला. पाठोपाठ २००८ चे आर्थिक संकट आले आणि बांधकामासाठी निधी उभा राहणे कठीण झाले. योजना कागदावरच राहिली आणि संरक्षणही मिळाले नाही.

रिकाम्या इमारतीचा खर्च थांबत नाही. छत गळू लागले की पाणी भिंतींत मुरते, हिवाळ्यात ते गोठून विटांचे सांधे उकलते, लाकूड कुजते. दुरुस्ती जितकी लांबते, तितकी ती महाग होत जाते आणि 'पाडणेच स्वस्त' हा निष्कर्ष आपोआप समोर येतो. देणग्या आणि अनुदानांवर चालणाऱ्या संस्थांपाशी जागा असते, हेतू असतो. मोठे भांडवल मात्र नसते.

अखेर

२०१४ मध्ये संस्थेने ही मालमत्ता सुमारे दीड कोटी डॉलरना विकसकाला विकली. वास्तू वाचवण्यासाठी हार्लेममधील रहिवासी आणि वारसाप्रेमींनी निदर्शने केली. परंतु यादीत नोंद नसल्याने पाडकामाला कायद्याचा अडसर नव्हता. २०१५ मध्ये उरलेल्या भिंतीही उतरवल्या गेल्या. त्या जागी आता आठ मजली निवासी इमारत आहे. तिला 'द रेनी' असे नाव देण्यात आले आहे. जुन्या वास्तूची तेथे उरलेली खूण ती एवढीच.

'रेनेसाँ' पाडण्याचा निर्णय २०१४ मध्ये झालेला दिसत असला, तरी तिचे भवितव्य त्याआधीच्या प्रत्येक पावसाळी, हिमवर्षावी ऋतूत थोडेथोडे ठरत गेले होते. भव्य पुनर्विकासाची वाट पाहताना छताची साधी डागडुजी वेळीच झाली असती, तर निदान निवडीला वाव उरला असता.