पाणथळ कुरणाचा रोग

गुरामेंढ्यांच्या यकृतात घर करणारा पर्णकृमी पानासारखा चपटा आणि दोन-तीन सेंटिमीटर लांब असतो. यकृत पोखरत तो पित्तनलिकांत पोहोचतो. मग जनावर खंगते, पापण्या आतून पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी धरून सूज येते. ओल्या कुरणात चरलेला कळप 'कुजतो' हे युरोपातल्या मेंढपाळांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. इंग्लंडमध्ये रोगाचे नावच 'रॉट' पडले.

या रोगाचे सर्वांत जुने ज्ञात वर्णन १३७९ मधले आहे. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याच्यासाठी ज्याँ द ब्री याने मेंढपाळीवर ग्रंथ लिहिला आणि त्यात दोष दिला तो पाणथळीत उगवणाऱ्या एका वनस्पतीला. ही चूक समजण्यासारखी होती, कारण रोग चाऱ्यातूनच पोटात जात होता. लिनियसने १७५८ मध्ये कृमीला 'फॅसिओला हेपॅटिका' हे नाव दिले, पण तो मुळात पाण्यात राहणारा जीव असावा, असा त्याचाही समज होता.

कारण कळले नाही तरी अनुभवाचा उपयोग होतच होता. खाऱ्या दलदलीत चरणाऱ्या मेंढ्या वाचतात, हे मेंढपाळांना माहीत होते. कृमीची बाधा नुकतीच झालेली मेंढी काही आठवडे उलट झपाट्याने अंग धरते, हेही त्यांनी हेरले होते. अठराव्या शतकातला नामांकित पैदासकार रॉबर्ट बेकवेल खाटकांना विकायच्या मेंढ्या मुद्दाम पाणी सोडलेल्या कुरणात चारत असे, म्हणजे कोणी त्याच्या वाणाची पैदास करू नये, असे सांगितले जाते.

१८४२ मध्ये डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप यांनी दाखवले की काही कृमींची संतती जन्मदात्यासारखी दिसत नाही. मधल्या पिढ्या वेगळे रूप घेतात. तेव्हा मधल्या पिढ्या कुठे वाढतात, असा प्रश्न उभा राहिला. १८७९ च्या अतिवृष्टीनंतर इंग्लंडमध्ये सुमारे तीस लाख मेंढ्या दगावल्या आणि हा प्रश्न पोटापाण्याचा झाला. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने संशोधनाला पैसा दिला आणि काम सोपवले ऑक्सफर्डच्या अल्जर्नन थॉमस या विशीतल्या तरुणावर.

थॉमसने कृमीच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या नाना जातींच्या गोगलगायींजवळ सोडून पाहिल्या. डिसेंबर १८८० मध्ये एका चिमुकल्या गोगलगायीत, लिम्निया ट्रंकाट्युलात, त्याला हवी तशी अळी दिसली. पण पुढच्या वर्षी ती जात शोधूनही सापडेना. १८८२ च्या उन्हाळ्यात नदीला पूर आला आणि त्या पाण्याने या गोगलगायी कुरणात आणून टाकल्या. इतक्या वर्षांच्या कोड्याची उकल अशी एका पुरावर अवलंबून राहिली. प्रयोग जमला: अळी गोगलगायीत शिरते, तिथे एकीच्या अनेक होतात, शेवटी शेपटीच्या अळ्या बाहेर पडून गवताला चिकटतात आणि कोश करतात. लाइपझिगमध्ये रुडोल्फ लॉइकार्टही हेच शोधत होते. दोघांचे निष्कर्ष ऑक्टोबर १८८२ मध्ये थोड्याच दिवसांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. कोश गिळल्यानेच जनावराला बाधा होते, हे पुढच्या दशकात हवाईमध्ये ब्राझीलचे डॉक्टर अडोल्फो लुट्झ यांनी प्रयोगाने सिद्ध केले.

भारतात, महाराष्ट्रातही, गायीम्हशींना ग्रासतो तो मुख्यतः याच कुळातला मोठा कृमी, 'फॅसिओला गिगँटिका'. कॉबोल्ड यांनी १८५५ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले ते जिराफाच्या यकृतातल्या कृमींवरून. त्याची गोगलगाय तळी, कालवे आणि संथ पाण्यात राहते, त्यामुळे काठचे हिरवे गवत आणि पाणवनस्पती धोक्याच्या ठरतात.

औषधे मागाहून आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात मेंढ्यांना कार्बन टेट्राक्लोराइड देत. गायींना मात्र ते झेपत नसे. १९८० च्या दशकात आलेले ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या कृमींनाही मारते, म्हणून ते मोलाचे ठरले. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात त्यालाही न जुमानणारे कृमी आढळले, आणि ओलसर जागांना कुंपण घालून जनावरे दूर ठेवणे, चराऊ कुरणातले पाणी निचरणे हे जुने उपाय पुन्हा वापरात आले.