संगणकाची पदवी आणि आपण

जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ वर केंद्र सरकारच्या एका संस्थेची इमारत आहे. माझी आई त्या बाजूच्या बंगल्यांतून धुण्याभांड्याची कामे करी आणि रोज सकाळी त्या इमारतीवरून जाई. आत काय चालते, असे मी लहानपणी तिला विचारले होते. ती म्हणाली, "कायतरी हिशोबाचं हापिस आसंल. आत लई गार आसतं म्हणत्यात, मशिनींसाठी." एवढीच तिची त्या इमारतीशी ओळख. मी पुढे संगणकशास्त्राची पदवी घेतली, तोच विषय उपनगरातल्या एका महाविद्यालयात शिकवू लागले, आणि विषयाचा इतिहास वाचताना ती इमारत मला पुन्हा भेटली. राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, ते हेच. १९८५ साली त्याला स्वायत्त रूप मिळाले आणि २००३ साली ते सी-डॅकमध्ये विलीन झाले.

या विषयावर जे लिहिले गेले आहे त्यात यंत्रांची नावे आहेत, संचालकांची नावे आहेत, परदेशी मदतीचे आकडे आहेत. त्या यंत्रासमोर बसायला कोणाला मिळाले आणि कोणाला मिळाले नाही, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला मला दिसला नाही. माझ्या घरात माझ्या आधी कोणी पदवीधर नाही. तेव्हा हा प्रश्न मी विचारला नाही तर कोण विचारणार?

एनसीएसटीचे मूळ कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. तेथे आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी देशी बांधणीचा संगणक उभा केला. १९६० साली तो रीतसर कामाला लागला आणि १९६२ साली नेहरूंनी त्याचे नाव ठेवले 'टिफ्रॅक'. सुमारे २७०० निर्वात नळ्या असलेले ते धूड होते. त्याची स्मृती मात्र ४० बिटांच्या २०४८ शब्दांपुरती. आज भाजीवाल्याच्या खिशातला मोबाईल त्याहून कितीतरी जास्त लक्षात ठेवतो. १९६४ मध्ये अमेरिकेतून सीडीसी ३६०० हे यंत्र आले आणि देशभरातले संशोधक आपले प्रोग्राम त्यावर चालवून घेऊ लागले.

त्या काळी प्रोग्राम चालवून घेणे म्हणजे काय, हे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या विषमतेचे बीज मला तेथेच दिसते. संशोधक कागदावर प्रोग्राम लिही. तो कागद पंच ऑपरेटरकडे जाई. ऑपरेटर प्रत्येक ओळीसाठी एक जाड कार्ड भोके पाडून तयार करी. कार्डांचा गठ्ठा यंत्राकडे जाई आणि छापील उत्तर हातात पडायला पुष्कळदा दुसरा दिवस उजाडे. एक स्वल्पविराम चुकला तरी सारे पुन्हा पहिल्यापासून. यात दोन प्रकारची माणसे होती. एक, प्रोग्राम लिहिणारी. दुसरी, दुसऱ्याने लिहिलेले टिपून यंत्राच्या तोंडी देणारी. पहिल्यांना शास्त्रज्ञ म्हणत, दुसऱ्यांची गणना कारकुनात होई. यंत्राला हात दोघांचेही लागत, पण यंत्र काय करणार हे ठरवण्याचा अधिकार एकाकडेच होता. विचार करणारा वेगळा आणि राबणारा वेगळा, ही वाटणी आपल्याला नवी नाही. चातुर्वर्ण्याला निर्वात नळीतही जागा सापडली, इतकेच.

बाबासाहेबांना हा धोका यंत्र येण्याआधी दिसला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यातल्या शिक्षणाच्या भागाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रविद्येचे उच्च शिक्षण हवे, आणि त्याचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा असल्यामुळे तो सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. आपण आज जिला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतो ती हीच. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेही कला आणि विज्ञान असे दोन्ही घेऊन. स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्याचे पंडित असलेल्या माणसाने आपल्या लोकांसाठी प्रयोगशाळा मागावी, यामागे काही हिशेब होता.

स्वातंत्र्यानंतर तो हिशेब सरकारने कसा मांडला ते पाहा. आयआयटीमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवायला १९७३ साल उजाडले. पहिली आयआयटी १९५१ ची, म्हणजे मधली २२ वर्षे दार बंदच होते. आणि दार किलकिले झाले न झाले तोच, १९७५ च्या केंद्र सरकारच्या एका आदेशाने, संशोधन करणे किंवा संशोधनाला दिशा देणे हे ज्यांचे काम अशी वर्ग एकमधली वरची शास्त्रीय आणि तांत्रिक पदे आरक्षणातून वगळता येऊ लागली. विद्यार्थी म्हणून आत या, पण दिशा देणारे म्हणून नको. बाबासाहेब ज्यांना माऱ्याच्या जागा म्हणत, त्या जागांभोवतीच हे कुंपण पडले.

आपली चळवळ तेव्हा कोठे होती? हा प्रश्न मी दोष देण्यासाठी विचारत नाही. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हणताच कामगार संघटना उठल्या. १९६९ मध्ये सरकारने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनावर समिती नेमली. बँकांमध्ये तर मर्यादित यंत्रे बसवण्यासाठीसुद्धा १९८३ साली संघटनांशी करार करावा लागला. या विरोधाला अडाणीपणा म्हणण्याची आता फॅशन आहे. पण राष्ट्रीयीकरणानंतर बँकेत कारकून म्हणून, शिपाई म्हणून जी आपली पहिली पिढी आरक्षणाने आत शिरली होती, तिच्याच खुर्चीवर हे यंत्र येऊन बसणार होते. तिने काय म्हणून त्याचे स्वागत करावे? दुसरीकडे १९७८ पासून १९९४ पर्यंत नामांतराचा लढा चालला. घरे जळत होती, माणसे मरत होती. अशा वेळी फोर्ट्रान कोण शिकणार?

हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. आपण साहित्याला जे दिले ते यंत्राला दिले नाही. आपल्या नियतकालिकांतून कविता आल्या, आत्मकथने आली, वैचारिक वाद झाले, आणि ते आलेच पाहिजे होते. परंतु संगणक म्हणजे काय आणि तो कोणाचा, हा वाद आपण घातला नाही. १९४२ च्या निवेदनाचे ते पान आपण उलटून पुढे गेलो.

आणि नेमक्या त्याच वर्षांत जुहूत काय घडत होते? एस. रमणी यांच्या नेतृत्वाखाली एनसीएसटी १९८६ पासून अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या कामात होते. पवईची आयआयटी आणि जुहूचे हे केंद्र यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ईमेल जाऊ-येऊ लागली. १९८९ मध्ये जुहूहून थेट अमेरिकेशी जोडणी झाली. भारताच्या '.इन' या नावाची नोंद त्याच वर्षीची, आणि तिची व्यवस्था बरीच वर्षे जुहूतून पाहिली जाई. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे देशाला मिळण्याच्या सहा वर्षे आधी ते माझ्या आईच्या रोजच्या वाटेवर होते. पण तेथल्या अभ्यासक्रमाला आधी पदवी हवी. पदवीच्या आधी विज्ञान शाखा हवी. विज्ञान शाखेच्या आधी इंग्रजी हवे. झोपडपट्टीपासून ती इमारत चालत दहा मिनिटांवर होती. ही पायऱ्यांची वाट चालायला आम्हाला वीस वर्षे लागली.

या पदवीचा विस्तार कोणत्या काळात झाला हेही महत्त्वाचे आहे. आयआयटी कानपूरने संगणकशास्त्राची बी.टेक. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. देणग्यांचा बाजार इतका माजला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. मुंबईच्या पदवी महाविद्यालयांत संगणकाचे वर्ग पसरले ते बहुतेक स्वयंअर्थसहाय्यित म्हणून. जुहूतच एसएनडीटी विद्यापीठाने १९९७ मध्ये मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, ते आज उषा मित्तल यांच्या नावाने ओळखले जाते. मुलींसाठी ती मोठीच गोष्ट होती. पण एकूण चित्र असे की, ज्या विषयांना अनुदान होते त्यांत नोकरी राहिली नाही, आणि ज्या विषयात नोकरी होती त्याला अनुदान मिळाले नाही.

मग आपल्या पोरांना काय मिळाले? प्रमाणपत्रे. तीन महिन्यांची, सहा महिन्यांची. टायपिंगच्या क्लासच्या जागी संगणकाचा क्लास आला. डीटीपी आले. २००१ पासून एमएस-सीआयटी आली आणि सरकारी नोकरीसाठी ती लागू लागली. तिने पुष्कळांच्या पोटाला लावले, हे मी नाकारत नाही. माझा भाऊ डीटीपीवरच घर चालवतो. पण पंच ऑपरेटरचा डेटा एंट्री ऑपरेटर झाला, यापलीकडे काय बदलले? लिहिणारा तिकडे आणि टिपणारा इकडे, ही रेघ जागेवरच राहिली.

मी २००५ साली बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पालिकेच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी. पहिल्या दिवशी सरांनी विचारले, घरी संगणक कोणाकडे नाही? हात वर करायला मला लाज वाटली, म्हणून केला नाही. प्रयोगशाळेत टर्बो सीचा निळा पडदा आठवड्यातून दोनदा भेटे, तोही दोघींत एक. सायबर कॅफेचा तास वीस रुपयांना होता. आईला एका घरचे महिन्याला चारशे मिळत, म्हणजे माझा एक तास म्हणजे तिची एका घरची दीड दिवसाची भांडी. हा हिशेब एकदा डोक्यात बसल्यावर मी कॅफेत जाणे सोडले. ग्रंथालयातून नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' आणायचे आणि आईच्या एका मालकिणीने दिलेल्या जुन्या डायऱ्यांत पेनने प्रोग्राम लिहायचे. मग आपणच यंत्र व्हायचे. ओळीओळीने चालायचे, समासात चलांच्या किमती मांडायच्या, आवर्तन कोठे थांबते ते पाहायचे. आज वाटते, १९६४ साली कुलाब्याचे शास्त्रज्ञ कार्डांचा गठ्ठा देऊन जसे दुसऱ्या दिवसाची वाट पाहत, तशीच मी मंगळवारची पाहत होते. चाळीस वर्षांपूर्वी जी यंत्राची मर्यादा होती, ती माझ्या काळात फक्त गरिबाची मर्यादा उरली होती.

दुसऱ्या वर्षी शासनाकडून शुल्काची रक्कम आली नाही म्हणून महाविद्यालयाच्या कार्यालयाने माझे परीक्षेचे प्रवेशपत्र अडवले. खिडकीतल्या बाबूने सर्वांसमोर विचारले, "फ्रीशिपवाली ना?" संगणकशास्त्रात शून्य आणि एक यांच्यामध्ये काही नसते. त्या खिडकीसमोर मी कोणत्या बाजूला आहे हे मला नीट कळले. आईने दोन घरांतून उचल आणली आणि मी परीक्षेला बसले.

भाषेचेही एक सांगायचे राहते. माझे सारे शिक्षण इंग्रजीत झाले, उत्तरपत्रिकाही इंग्रजीत. आणि त्याच जुहूच्या इमारतीत र. कृ. जोशी नावाचा मराठी कवी आणि अक्षरकार संगणकासाठी देवनागरी घडवत बसला होता. विंडोजमध्ये आपण ज्याला 'मंगल' म्हणतो तो टंक त्यांच्याच हातचा. आपल्या अक्षरांना यंत्रात घर मिळाले, परंतु त्या अक्षरांत शिकलेल्या मुलीला पदवीच्या वर्गात जीभ मिळाली नाही.

माझ्या प्रवेशाच्याच वर्षी, ऑगस्ट २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने इनामदार खटल्यात विनाअनुदानित संस्थांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही असा निर्णय दिला. त्यावर ९३ वी घटनादुरुस्ती झाली आणि अनुच्छेद १५(५) आला. पण त्यातून अल्पसंख्याकांच्या संस्था वगळल्या गेल्या. अल्पसंख्याकांच्या हक्काविषयी मला आकस नाही. आपणच त्या हक्काची भाषा आधी बोललो. मात्र मुंबईतली अनेक नामवंत महाविद्यालये भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याकांची आहेत. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की आमच्या वस्तीतल्या मुलीने जवळचे महाविद्यालय सोडून दोन गाड्या बदलून लांब का जायचे, ते समजते. पदवी घेऊन बाहेर पडले की समोर खाजगी क्षेत्र. तेथे तर हा विषयच नाही.

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात आजही काही मुले मोबाईलवर प्रोग्राम लिहितात. अंगठ्याने, एकेक कंस शोधत. त्यांच्यापैकी एकीची आई गुलमोहर रोडच्या बाजूलाच कामाला जाते. अशा मुलांसाठी मी शनिवारी दुपारी प्रयोगशाळा दोन तास जास्त उघडी ठेवते. परवानगीचा अर्ज कार्यालयात पडून आहे. तोवर किल्ली मी मामांकडून मागून घेते. मामा विचारतात, "मॅडम, कधीपर्यंत?" मी म्हणते, पोरांचे झाले की. गेल्या शनिवारी सात वाजले.